गावातली नशा आणि गावापासून लपवलेला उपचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मराठवाड्यातल्या घरांतून येतात. कधी आई विचारते, कधी बायको, कधी आशाताई किंवा सरपंच, तर कधी नशा करणारा स्वतः विचारतो. उत्तरांमध्ये 'बेवडा', 'गंजेडी' हे शब्द मुद्दाम टाळले आहेत. एकदा तो शब्द चिकटला की माणूस उपचाराच्या दारापर्यंतही येत नाही.

गावात सगळे एकमेकांना ओळखतात. मग मदत लवकर मिळायला हवी ना?

हवी, पण मिळत नाही. कोण कुठे बसतो आणि कोणाची उधारी किती थकली, हे पारावर सगळ्यांना पाठ असते. नशा गावात लपत नाही; लपवला जातो तो उपचार. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाबाहेरच्या बाकावर बसलेला माणूस गावातल्या एखाद्याच्या नजरेस पडला, की 'त्याचं डोकं फिरलंय' ही बातमी संध्याकाळपर्यंत घरोघर पोहोचते. घरात लग्नाची बहीण असेल तर आईवडीलच म्हणतात, 'तिचं उरकू दे, मग बघू.' त्या 'मग'मध्ये दोन-तीन वर्षे निघून जातात आणि एका क्वार्टरच्या तीन होतात.

केंद्र सरकारने २०१९ साली जाहीर केलेल्या देशव्यापी पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठला तरी उपचार मिळाल्याचे दिसले. खेड्यात त्यावर बसभाडे, बुडालेला रोज आणि लोकांच्या नजरा यांची भर पडते.

दुसरी बाजूही खरी आहे. गावात माणूस बेवारस पडत नाही. रस्त्यात आडवा झालेल्याला कोणी तरी घरी आणून सोडतो, चुलती भाकरी देते. ही जवळीक उपचाराच्या कामी लावता येते आणि आमचा सगळा भर त्यावरच आहे.

आमच्याकडे फक्त दारूच आहे. बाकीचे शहरातले ना?

दारू सर्वात जास्त आहे हे खरे. देशी आणि हातभट्टी दोन्ही मिळतात. पण गांजा कपाशी-तुरीच्या शेतात लपवून लावलेला सापडतो. 'बटन' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या म्हणजे बहुतेक वेळा नायट्राझेपाम किंवा अल्प्राझोलामसारखी झोपेची औषधे असतात. कोडीनचे खोकल्याचे सिरप आणि ट्रामाडोल, टॅपेंटाडोल या वेदनाशामक गोळ्या चिठ्ठीशिवाय हातोहात फिरतात. देगलूर, बिलोली, धर्माबाद या तेलंगणाला लागून असलेल्या पट्ट्यात शिंदी (ताडीसारखे झाडाच्या रसाचे मद्य) चालते आणि तिच्यात झोपेच्या औषधांची भेसळ होते. एमडी (मेफेड्रोन) ही पावडरही आता फक्त मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. तुळजापूरचे प्रकरण २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिले.

डॉक्टरला नेमके काय घेतले ते सांगा. रिकामे पाकीट किंवा बाटली सोबत न्या. दारू सोडवण्याचा आणि गोळ्या सोडवण्याचा मार्ग वेगळा असतो.

एकाला 'शौकीन' म्हणतात आणि दुसऱ्याला 'दारुडा'. फरक कशाने पडतो?

जमीन, जात आणि घराण्याने पडतो. वीस एकरवाल्याचा मुलगा ढाब्यावर पितो ते 'खाणं-पिणं' ठरते. सालगडी तेवढीच पितो तेव्हा त्याला कामावरून काढतात आणि उचल वसूल करायला माणसे जातात. यात दोघांचेही नुकसान होते. सालगड्याला शिक्षा मिळते, उपचार मिळत नाही. मोठ्या घरच्या मुलाला कोणी अडवत नाही, त्यामुळे यकृत खराब झाल्यावरच तो दवाखान्यात येतो. गावात व्यसनमुक्तीची बैठक घेणार असाल तर ती फक्त वस्तीवर किंवा तांड्यावर घेऊ नका. ग्रामपंचायतीत घ्या आणि मोठ्या घरांनाही बोलवा.

सप्ताहात माळ घातली की दारू सुटते का?

अनेकांची सुटते, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. गावात 'नको' म्हणायला माणसाला सर्वांना मान्य असे कारण लागते. 'डॉक्टरने नाही सांगितलंय' म्हटले तर चार जण हसतात. 'माळकरी झालोय' म्हटल्यावर तेच चार जण ग्लास बाजूला सरकवतात. शिवाय संध्याकाळी जायला हरिपाठ आहे, बसायला माणसे आहेत. मोकळी संध्याकाळ ही दारू सोडणाऱ्याची सर्वात अवघड वेळ असते. ती माळेमुळे भरून निघते.

धोका आहे तो पहिल्या चार दिवसांत. रोज दोन क्वार्टर किंवा जास्त घेणाऱ्याने, किंवा सकाळी हात थरथरतात म्हणून आधी दारू घेणाऱ्याने एका दिवसात बंद केली तर शरीर बंड करते. शेवटच्या घोटानंतर ६ ते ८ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. १२ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊ शकतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलणे चालते, रात्र की दिवस ते कळत नाही, अंग तापते. मग लोक म्हणतात 'बाहेरचं झालं' आणि देवऋष्याकडे नेतात. ही बाधा नाही. दारू अचानक तुटल्याने मेंदू खवळलेला असतो आणि उपचार न मिळाल्यास जीव जाऊ शकतो. त्याला त्याच रात्री दवाखान्यात न्या, सकाळची वाट पाहू नका.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला दाखवा. पूर्वी कधी फिट आली असेल, भ्रम झाला असेल किंवा कावीळ असेल तर घरी प्रयोग न करता भरती करा. बाकीच्यांना साधारण आठवडाभर उतरत्या मात्रेची औषधे आणि थायमिन म्हणजे 'ब-१' जीवनसत्त्व मिळते. त्या दिवसांत रात्री कोणी तरी जवळ झोपावे आणि गोळ्या घरच्यांच्या ताब्यात असाव्यात. दहा दिवस सुखरूप गेले की माळ खुशाल घालावी. महाराजांनाही हा क्रम सांगून ठेवा. कीर्तनात त्यांनी 'आधी डॉक्टर, मग माळ' असे एकदा म्हटले तर आमच्या दहा भाषणांपेक्षा जास्त उपयोग होतो.

माळ घालूनही पुन्हा प्यायला, तर? चारचौघांत माळ उतरवायला लावू नका. त्या अपमानानंतर माणूस पूर्वीपेक्षा जास्त पितो आणि पुन्हा प्रयत्न करायची त्याची हिंमत जाते. घसरणे हा या आजाराचा भाग आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा औषध, पुन्हा हरिपाठ.

जास्त झाली की गावातले डॉक्टर सलाईन लावतात. ते बरोबर आहे का?

ग्लुकोजचे सलाईन थायमिनशिवाय देणे धोक्याचे आहे. वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन संपत आलेले असते. वरून ग्लुकोज दिले की उरलेलेही खर्च होते आणि डोळे तिरळे होणे, चालताना तोल जाणे, विसरभोळेपणा असे मेंदूचे कायमचे नुकसान होऊ शकते. 'आधी थायमिनचे इंजेक्शन द्या' एवढे वाक्य घरच्यांनी पाठ ठेवावे. सलाईनने दारू लवकर उतरत नाही. लिंबूपाणी, ताक किंवा थंड पाण्याच्या आंघोळीनेही उतरत नाही.

बेशुद्ध पडलेल्याला उताणा ठेवू नका, उलटी श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवा, वरचा गुडघा वाकवा, तोंड खालच्या बाजूला करा. हाक मारून, जोरात चिमटा काढूनही उठत नसेल किंवा श्वास मिनिटाला आठापेक्षा कमी असेल तर १०८ ला फोन करा. हातभट्टीनंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धूसर दिसू लागले, पोटात कळ आली, तर ती मिथेनॉलची विषबाधा समजा आणि सोबत प्यायलेल्या सर्वांना दवाखान्यात न्या.

नवऱ्याला न सांगता चहा-भाजीत पावडर टाकली तर?

टाकू नका. दारू सोडवायच्या पुड्यांमध्ये काय आहे हे विकणाराही सांगू शकत नाही, आणि घरच्यांच्या हाती लागलेली खरी गोळी बहुतेक वेळा डायसल्फिराम असते. ती पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. हृदय कमजोर असेल तर माणूस दगावू शकतो. गोळी थांबवल्यावरही हा परिणाम साधारण दोन आठवडे टिकतो. हेच औषध समजावून, यकृताची तपासणी करून आणि शेवटच्या दारूनंतर किमान १२ तासांनी सुरू केले तर उपयोगी आहे. चोरून दिल्याचे उघड झाले की तो घरचे जेवणही बंद करतो, आणि पुढे खरे औषधसुद्धा घेत नाही.

'बटन'च्या गोळ्या एकदम बंद कराव्यात का?

नाही. महिनोन्महिने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या अचानक तोडल्या तर दारूसारखीच फिट येते. डॉक्टर त्या दर एक-दोन आठवड्यांनी थोड्या थोड्या कमी करतात. त्याला महिने लागू शकतात आणि तेच बरोबर आहे. गोळी आणि दारू एकत्र घेतली तर झोपेतच श्वास थांबू शकतो, हे त्याच्या मित्रांनाही सांगा.

सिरप, ट्रामाडोल, टॅपेंटाडोल यांचे वेगळे. ते बंद केल्यावर अंग मोडते, जुलाब लागतात, नाक गळते, झोप उडते. साधारण आठवडाभर फार हाल होतात, पण सहसा जीव जात नाही. मात्र मोठ्या मात्रेने ट्रामाडोल घेतल्यास फिट येऊ शकते. काही आठवडे बंद ठेवून पुन्हा जुन्याच मात्रेने सुरू केले तर तीच मात्रा आता जीवघेणी ठरते. व्यसनमुक्ती केंद्रातून परतल्यावरचे पहिले पंधरा दिवस म्हणून सर्वात नाजूक असतात.

लग्न लावून दिले की सुधारेल, असे सगळे म्हणतात.

हा उपचार नाही. एका आजारी माणसासोबत आता एक मुलगी अडकते, तिच्या माहेरचे कर्ज वाढते, आणि सहा महिन्यांनी 'बायकोने सांभाळलं नाही' असा दोष तिच्यावर येतो. सहा महिने उपचार आणि सहा महिने नीट गेल्याशिवाय स्थळ बघू नये, आणि बघताना लपवू नये.

आम्ही दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातो. औषध मध्येच तुटते. काय करावे?

बीड, जालना, धाराशिवच्या कोयत्यांचा, म्हणजे ऊसतोड जोडप्यांचा, हा सर्वात मोठा अडथळा आहे. हंगाम पाच-सहा महिन्यांचा असतो, फडावर पहाटे तीन-चारला कोयता हातात येतो, पाठ-कंबर रात्रभर ठणकते आणि अंगदुखीवर दारू किंवा वेदनाशामक गोळी हाच सोपा इलाज वाटतो. त्यात हंगामाआधी उचल एकरकमी हातात पडते.

निघण्याच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरला गाव, कारखाना आणि परतीचा अंदाजे महिना सांगा. आजाराचे नाव, औषधे आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी मागून घ्या आणि तिचा फोटो बायकोच्या मोबाइलमध्येही ठेवा. थायमिन किंवा तलफ कमी करणारी औषधे महिनाभराची मिळू शकतात. झोपेच्या गटातली औषधे एवढी देत नाहीत आणि मागूही नका. कारखान्याजवळच्या ग्रामीण रुग्णालयात ती चिठ्ठी दाखवून पुढची औषधे घ्या. सरकारच्या ई-संजीवनी सेवेवरून फोनवर मोफत सल्ला मिळतो. उचलीचे पैसे हातात न घेता बायकोच्या खात्यावर जमा करायला मुकादमाला सांगा. निघायच्या आधी सांगितले तर बहुतेक मुकादम ऐकतात. नेमके पिऊ लागण्याचे दिवस म्हणजे पट्टा पडण्याचा, म्हणजे हंगाम संपण्याचा दिवस आणि पावसाने तोड बंद असल्याचा दिवस. त्या दोन दिवशी घरच्यांनी जरा जास्त जवळ राहावे.

व्यसनमुक्ती केंद्रात टाकायचे आहे. केंद्र कसे निवडायचे? रात्री गाडी पाठवून उचलून नेतात म्हणे.

आधी सरकारी दवाखान्याचा विचार करा. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, शिवाय प्रत्येक जिल्हा रुग्णालयातला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, असे पर्याय आहेत. दारू तोडण्याचे पहिले धोक्याचे दिवस डॉक्टर आणि नर्स चोवीस तास असलेल्या ठिकाणीच काढावेत.

खासगी केंद्र बघताना स्वतः आत जाऊन पाहा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी भिंतीवर आहे का? मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? नातेवाइकांना भेटू देतात का? खर्चाची पावती देतात का? 'तीन महिने भेटायचं नाही, फोन नाही' असे सांगणाऱ्या ठिकाणी ठेवू नका.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेले मानसिक आजार धरले आहेत. संमती नसलेल्याला भरती करायचे तर डॉक्टरांच्या तपासणीसह कायद्याने ठरवलेली पद्धत आहे आणि पहिली मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची आहे. कलम ९५ प्रमाणे कोणालाही साखळीने बांधता येत नाही. बाजेला किंवा खांबाला बांधून ठेवणे घरच्यांना नाइलाज वाटतो, पण भ्रमात असलेला माणूस बांधल्याने आणखी बिथरतो. अशा वेळी बांधण्याऐवजी १०८ ला फोन करा.

दवाखान्यात नाव गेले तर पोलीस येतील का?

उपचारासाठी आलेल्या माणसाची माहिती गुप्त ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. आशाताईंनाही हे लागू आहे. बचत गटात नावे घेऊन चर्चा करू नये. एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा १९८५ च्या कलम ६४-अ प्रमाणे, सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा गुन्हा असलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून सूट मिळू शकते. उपचार पूर्ण केला नाही तर ती काढून घेता येते. गांजाचे अल्प प्रमाण १ किलोपर्यंत आहे आणि त्यालाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शेतात गांजाची झाडे लावल्यास १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. 'दोन-चार झाडं बांधावर असू देत' म्हणणाऱ्याला हे जरूर सांगा.

गावातले दुकान बंद करायचे आहे. पुढे काय होते?

परवाना असलेल्या दुकानासाठी २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की गुप्त मतदान होते. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या बाजूने, मत दिले तर दुकान बंद होते. हे निम्मे एकूण महिला मतदारांचे धरतात, मतदानाला आलेल्यांचे नव्हे. कामावर गेलेल्या बायकांमुळेच अनेकदा ठराव हुकतो. म्हणून तोडीचा हंगाम सोडून तारीख मागा.

दुकान किंवा भट्टी बंद होण्याआधी आरोग्य केंद्राला कळवा. शेजारच्या तेलंगणात २०१५ साली भेसळीच्या ताडीवर कारवाई झाली तेव्हा रोज पिणारे लोक फिट आणि भ्रमाने दवाखान्यांत भरती झाले होते. एका दिवसात सगळ्यांचा पुरवठा तुटला की हेच होते.

बायकाही घेतात का?

घेतात, पण कोणी बोलत नाही. मिश्री आणि गुटखा उघड असतात, झोपेच्या गोळ्या आणि दारू लपून. बाईला 'वाया गेली' म्हणतात म्हणून ती दवाखान्यात येतच नाही. अशा वेळी 'अंगदुखी', 'अशक्तपणा' म्हणून तपासायला आणले तरी चालेल. आत गेल्यावर डॉक्टरला खरे सांगितले की झाले.

शाळेतली मुले पंक्चरचे सोल्यूशन हुंगतात. पकडून मारावे का?

मारू नका आणि हुंगताना पाहिले तर मागे धावू नका. ही वाफ हृदयाला अतिसंवेदनशील करते. घाबरून पळाल्याने हृदय अचानक थांबू शकते. शांतपणे जवळ जा, ट्यूब बाजूला करा, मोकळ्या हवेत बसवा. दुकानदाराला मुलांना ती न विकण्याचे बजावा. मुलाच्या घरी काय चालले आहे ते बघा. लेकरू एकटे असेल, आईबाप तोडीला गेले असतील तर १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकाला कळवा.

उपचार घेऊन तो परत येतोय. गावाने काय करावे?

चौकशीला रांग लावू नका. 'सुटली का रे?' हा प्रश्न दिवसातून दहा वेळा ऐकणारा माणूस दहाव्या वेळी पितो. काम द्या, पण पहिले तीन महिने मजुरी त्याच्या संमतीने घरच्यांच्या हातात द्या. पोळा, वरात, निवडणूक आणि जत्रा या चार प्रसंगांची आधीच तयारी करा. वरातीत त्याला नाचायला ओढू नका, जेवणाच्या पंगतीची जबाबदारी द्या. जुनी उधारी मागायला त्याच आठवड्यात कोणी दारात येऊ नये, एवढे सरपंचांनी सांभाळावे. तालुक्याला एएची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटाची) बैठक असेल तर सोबत कोणी तरी जावे. ती मोफत असते.

प्यायल्यावर तो मरायची भाषा करतो. मनावर घ्यायचे का?

नेहमी घ्यायचे. प्यायलेल्या माणसाचा विचार आणि कृती यांत अंतर उरत नाही, आणि फवारणीचे औषध घरातच असते. ते आजच घराबाहेर काढा, भावकीत किंवा शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा आणि पुढे लागेल तेवढेच आणा. त्याला एकटे सोडू नका. 'तुला मरावंसं वाटतंय का?' असे सरळ विचारल्याने विचार बळावत नाही, उलट माणूस बोलू लागतो. फवारणीचे औषध पोटात गेले असेल तर मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. बाटलीसकट दवाखान्यात न्या.

रात्री-अपरात्री फोन कुठे करायचा?

टेली-मानस १४४१६, मराठीत, चोवीस तास, मोफत. नशामुक्तीसाठी १४४४६. रुग्णवाहिका १०८. घरात मारहाण होत असेल तर ११२ किंवा महिलांसाठी १८१. फोन करणाऱ्याने गावाचे नाव सांगितले नाही तरी सल्ला मिळतो.